तात्यांनी पारखलेला ड्रायव्हर

गोल्फ आपल्याला येतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुण्यात कंपनीत शिकलो. लांब फटक्याच्या काठीला ड्रायव्हर म्हणतात. ती मी आमच्या साहेबाची बघून तशीच घेतली, कडक दांड्याची. रविवारी त्यांच्यासंगं मॅच होती, म्हणून सुट्टीत गावाकडं नेकनूरला आलो तरी काढणी झालेल्या रानात सराव करत होतो. दहा बॉल मारले, दहाही उजवीकडं तुरीत.

आमचे चुलते, तात्या, मेंढरं घेऊन बांधावर उभे होते. म्हणाले, "काठी कुणाची हाय?"

"माझीच की."

"तुझी न्हाई. बिगर बॉलची फिरव." मी फिरवली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "सूं आवाज मागंच व्हतोय. बॉलपाशी व्हाया पायजे. आमी काठी अशीच पारखतो. तुझ्या हाताला तेवढा झटका न्हाई, नरम दांडा बघ."

मला लई राग आला. "मग तुमीच मारून दाखवा."

तात्यांनी धोतर खोचलं, दोनदा काठी फिरवली अन् हाणली. बॉल सरळ तूर ओलांडून रस्त्याकडच्या लिंबापाशी पडला.

"म्हंजी काठी चांगलीच हाय," मी म्हणालो.

"वाईट कवा म्हनलो? तुझी न्हाई म्हनलो." अन् ती खांद्यावर टाकून ते मेंढरांमागं निघून गेले.

रविवारी नव्या घेतलेल्या नरम दांड्याच्या ड्रायव्हरनं मी मॅच मारली. साहेबानं विचारलं, "तुझा तो कडक ड्रायव्हर कुठंय?"

म्हणालो, "ज्याचा होता त्याच्याकडं गेला."