टेकडीवरचा पिवळा कोट

पोरीच्या डाव्या गुडघ्यावर मेणाचा नाण्याएवढा डाग होता. ब्राझीलमधल्या फ्लोरियानोपोलिसच्या डोळ्यांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर नंबराची वाट पाहत बसलेल्या दुल्सेला तो स्पष्ट दिसत होता. लाटांवर स्वार होताना पाय घसरू नये म्हणून फळीला मेण फासतात; बोई माशांच्या हंगामात अशी फळी पाण्यात न्यायला बंदी असते, तरी डाग ताजा होता. शेजारी बसलेल्या आजोबांच्या मांडीवर पिवळा कोट होता. टेकडीवरून मासा दिसला की होडीवाल्यांना हलवून दाखवतात, तसला.

"बंदीत फळीला मेण कशाला फासतेस गं, इआरा?"

"हात शिवशिवतात, आजोबा. पाण्यात नाही गेले, घरातच फासलं."

"माझ्या माशांपायी सुकी बसलीस."

"बसते की. पण काल तुम्ही ढगाच्या सावलीला कोट हलवलात."

"सावली नव्हती ती."

"आठ जणांनी होडी लोटली. जाळ्यात काय आलं? शेवाळ!"

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो. खाली मासा असला की उठणाऱ्या लाटेच्या अंगावर काटा येतो. ती गुळगुळीत होती."

"मग ओरडली का नाहीस?"

"चाळीस वर्षं तुम्ही उभे राहता तिथे. सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडू?"

"आणि मी गावभर सांगत फिरलो, पोरगी लाटांच्या नादाने वाया गेली."

"माहितीय. पाववालीनेच ऐकवलं मला."

"तुझी आई तीन वर्षं म्हणतेय, टेकडीवरची जागा सोडा."

"आई काय, काहीही म्हणते."

दार उघडून परिचारिकेने हाक मारली, "वालदोरी आजोबा!"

म्हातारा दारापर्यंत गेला, परत आला आणि त्याने कोट पोरीच्या मांडीवर ठेवला.

"उद्यापासून टेकडीवर तू उभी राहा. बाह्या दुमडून घे, लांब होतील."