शालिग्राम सरांचा ओळखफळा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन आदरणीय झुलाल आबा, मुख्याध्यापिका मयुरी मॅडम, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते शालिग्राम सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सुनंदा काकू, माझे सहकारी शिक्षक, गावातून आलेले नाना, भाऊ, अक्का, आणि मागे सतरंजीवर एकमेकांना कोपरं मारत बसलेल्या माझ्या मुलामुलींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी दिपमाला. याच शाळेत शिकले आणि गेली अकरा वर्षं इथेच मराठी शिकवते. मॅडमनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मराठीच्या शिक्षकाला पाच मिनिटं म्हणजे नुसती प्रस्तावना, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलंय, ते मला दिसतंय.

सरांचं नाव शालिग्राम तोताराम पाटील. म्हणून अमळनेरपर्यंत सगळे त्यांना एस. टी. सर म्हणतात. आता आपल्या फाट्यावर एसटी कधी वेळेवर आली आहे का? सर मात्र सत्तावीस वर्षांत एकदाही उशिरा आले नाहीत. आणि तेही वाटेत दहा ठिकाणी बसत. कुठे बांधावर उकिडवे, कुठे रुईच्या झाडाखाली, चष्मा कपाळावर चढवून किडा-पान निरखत. लोकांना वाटायचं, मास्तरांचं काहीतरी पडलं, शोधताहेत.

पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर तेव्हा एक काळा फळा होता. सर त्याला ओळखफळा म्हणायचे. रोज एका मुलाने आपल्या घराच्या आसपासचं काहीतरी पाहून यायचं. किडा, गवत, बुरशी, काहीही. सरांनी त्याचं नाव सांगायचं, मुलाने ते फळ्यावर लिहायचं. सरांना नाव आलं नाही तर तेही लिहायचं, ‘अजून ओळख पटलेली नाही’. एका हिरव्या किड्यापुढे ते वाक्य सतरा महिने होतं. आमचे वडील हसायचे, मास्तरलाच येत नाही म्हणून. सरांना त्याची लाज नव्हती. त्यांचे नियम दोनच. पाहिलं तेवढंच सांगायचं. आणि काही उपटायचं नाही. अळंबीची छत्री आणायची असली तरी ब्लेडने देठ कापायचा, जमिनीतलं जमिनीत राहू द्यायचं.

इथे भिकुबाई मावशी बसल्या आहेत. त्यांची नात एकदा कपाशीवरची काळी, काटेरी अळी डबीत घेऊन आली. सर डबी घेऊन तडक शेतात गेले. मावशी पाठीवर पंप चढवून फवारणीला निघालेल्या. म्हणाल्या, “मास्तर, अळी ती अळी. मारी टाकसू.” सर म्हणाले, “मावशी, पंप खाली ठेवा आणि अर्धा तास माझ्यासोबत बसा.” दोघं सरीत बसले. ती लाल, ठिपकेवाल्या ढालकिड्याची अळी निघाली. मावशींच्या डोळ्यांदेखत तिने पानावरचा मावा खाऊन साफ केला. तेव्हा मावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या, “आरे देवा, हाऊ ते मना मजूर शे!” मावशी, खरं ना? बघा, मान हलवताहेत.

असे किस्से मी तासभर सांगू शकते. पण फळा आज भिंतीवर नाही. सहा वर्षांपूर्वी सरांनी तो स्वतःच्या हाताने उतरवला. का उतरवला, हे गावातल्या मोठ्या माणसांना माहीत आहे असं त्यांना वाटतं. आज मी त्यावरच बोलणार आहे. मॅडम, घड्याळ उचललंत तरी चालेल.

माझी माय बेबाबाई. बऱ्याच जणांच्या ओळखीची. त्या श्रावणात आमच्या घरामागच्या बांधावर, जुन्या वारुळाजवळ, पांढऱ्या छत्र्या उगवल्या. वारुळावरची अळंबी म्हणजे चवीला काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी सवयीप्रमाणे ब्लेडने कापून टोपलीभर आणली. मायने तवा ठेवला होता, पण ती म्हणाली, “तुना सरले ईचार पहिले. त्या हाव म्हणतीन ते चिरसू.” म्हणजे सर हो म्हणाले तरच.

मी फोटो पाठवला आणि फोन केला. सर म्हणाले, “दिसतं तर वारुळावरचंच. पण खायचं असेल तर फोटोवर जाऊ नकोस. त्याचा देठ खाली मातीत वीत-दीड वीत गेलेला असतो, मुळासारखा. आज नियम मोड, उकरून बघ. लांब असेल तरच खा. बघितलंस का?”

मी म्हणाले, “हो सर, बघितलं. वीतभर आहे.”

मी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी एकादशी होती. माझी आंघोळ झाली होती, पूजेसाठी धुतलेली साडी नेसले होते. मागे गुडघाभर चिखल. पुन्हा जायचं, बसून माती उकरायची, साडी खराब व्हायची, पुन्हा आंघोळ. एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण असतं तर ते सांगताना मला आज इतकी शरम वाटली नसती. वारूळ शेजारीच होतं, त्यामुळे असणारच, असं मी धरून चालले. आणि सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांच्या वर्गात शिकलेली मुलगी न पाहता पाहिलं म्हणेल, हे त्यांच्या मनात तरी कसं यावं?

मला उपवास होता. मायला साखरेचा आजार, डॉक्टरांनी उपवास बंद केलेले. ती एकटी जेवली.

पहाटे उलट्या सुरू झाल्या. तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावलं, उतार पडला. मायच म्हणाली, “माले आते बरं वाटी राह्यनं. घर चाल.” आम्ही हसत घरी आलो. या विषाची तीच रीत असते म्हणे, मध्ये एक-दोन दिवस माणसाला बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे पडले. धुळ्याला नेलं. पाचव्या दिवशी माय गेली.

ती गेली त्याच्या आदल्या दुपारी सर धुळ्याला आले होते. डॉक्टरांनी विचारलं, खाण्याजोगं आहे असं कुणी सांगितलं? मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “मी सांगितलं. ओळखण्यात माझी चूक झाली.” देठाबद्दल विचारलं होतं, उकरून बघ म्हटलं होतं, यातला एक शब्दही ते बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी, मीही गप्प राहिले.

नाही सर, हात वर करू नका. आज मला थांबवू नका. काकू, तुम्ही जरा त्यांच्याजवळ बसा.

त्यानंतर संस्थेने सरांकडून खुलासा मागितला. त्यांनी एका ओळीत चूक मान्य केली. आबा, तो कागद तुमच्या कपाटात असेल. दहाव्याला सर आमच्याकडे आले, मागच्या रांगेत बसले. माझे मामा, योगेंद्र मामा, ते आज समोरच बसले आहेत, त्यांनी चारचौघांत सरांना सांगितलं, मास्तर, तुम्ही इथून उठा. सर उठले, चपला हातात घेऊन फाटकापर्यंत गेले आणि तिथे पायात घातल्या. मी दारातून बघत होते.

दुसऱ्या दिवशी फळा उतरला. तेव्हापासून सर पुस्तकात आहे तेवढं शिकवतात. उत्तम शिकवतात. पण रस्त्याने सरळ समोर बघत चालतात, कुठे बसत नाहीत.

तुम्ही विचाराल, सहा वर्षं गप्प होतीस, मग आजच का? मागच्या आठवड्यात पाचवीतली पुनम ओंजळीत एक ढालकिडा घेऊन सरांकडे गेली. लाल पाठ, काळे ठिपके, शेंबड्या पोरालाही ओळखू येईल असा. सर म्हणाले, “बाळा, मला नाही ओळखता येत. दुसऱ्या कुणाला विचार.” मी व्हरांड्यात होते. सगळं ऐकलं. ज्या माणसाने सतरा महिने फळ्यावर आपलं अज्ञान लिहून ठेवलं, त्याला मी माहीत असलेलंही माहीत नाही म्हणायला लावलं. परवा हा माणूस शाळेतून जाणार, आणि जाताना माझं खोटं सोबत घेऊन जाणार.

म्हणून सर्वांच्या समोर सांगते. सर, तुम्ही बरोबर सांगितलं होतं. देठ वीतभर खोल असेल तरच खा, म्हणून. माझ्या टोपलीत दुसरंच काही होतं आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. माय तुमच्या चुकीने गेली नाही, माझ्या आळसाने गेली. मामा, त्या दिवशी तुम्ही चुकीच्या माणसाला उठवलंत. उठायला मी हवी होते.

सरांना शाल द्यायची आहे, ती आबांच्या हस्तेच द्यावी. माझा हात त्या शालीला लागू नये, असं मला वाटतं. मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, मॅडमचे आणि सभेचे मनापासून आभार. वेळ जास्त घेतला, सणासारख्या दिवशी सगळ्यांना रडवलं, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर तेवढं आपलं समजून पोटात घ्यावं. दुसरं जे सांगितलं, ते पोटात घ्या असं मी म्हणणार नाही. सहा वर्षं ते सरांच्या नावावर होतं. आजपासून ते माझ्या नावावर असू द्या.

नमस्कार.