भट्टीतले हात

भाची : मला एवढंच सांग, आकडा दोनशे वीसवर कोणी नेला?

मामा : ओरडू नकोस. बाहेर दुकानात गिऱ्हाईक आहे.

भाची : गिऱ्हाईक केव्हाच गेलं. हा वास घेत पाव कोण विकत घेईल? मामा, मी काहीतरी विचारतेय.

मामा : मी नेला. माझी भट्टी आहे, मी नाही तर कोण नेणार?

भाची : दारावर कागद चिकटवून गेले होते मी. एकशे तीसवर, दोन तास. बंद झाल्यावरही दार उघडायचं नाही. आतल्या हातांना हात लावायचा नाही. चांगलं जाड पेनाने लिहिलं होतं.

मामी : हातांना हात लावू नका! मला तर वाचून हसूच आलं होतं.

भाची : मामी, आत्ता नको.

मामी : बरं बाई. मी मागची खिडकी उघडते.

मामा : अगं, काळजीनेच बघायला गेलो मी. तू गेलीस सुताराकडे हातांची लाकडी बैठक आणायला. दीड तास झाला, काच पुसून बघतो तर हातांना रंगच नाही. पांढरेफटक. बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. कच्चे होते. चाळीस वर्षं भट्टीपुढे उभा आहे मी. कच्चं काय आणि भाजलेलं काय, ते मला कळतं.

भाची : पावातलं कळतं. ही काय कणीक आहे? ही प्लास्टिकची माती, गरम असते तोवर मऊच लागते. गार झाली की कडक होते. आणि तिला रंग चढत नाही. चढला तर समजायचं, जळाली. हे चार वेळा सांगितलंय तुला.

मामा : सांगितलं असशील.

भाची : असशील नाही, सांगितलंय. काल जेवताना सांगितलं. तू हो हो म्हणालास आणि मामीकडे मीठ मागितलंस.

मामी : मागितलं होतं. आणि भाजीत मीठ बरोबर होतं.

मामा : तू कुणाच्या बाजूने आहेस?

मामी : मी भाजीच्या बाजूने आहे. बोला तुम्ही.

भाची : इकडे ये, बघ. नाही, तिथून नाही, इथे ये. ही उजव्या हाताची बोटं. चारही काळी. तळव्यावर हे फोड आलेत, टम्म फुगलेत. तर्जनीच्या टोकाला माती फुटून आतली तार बाहेर आलीय. तीन आठवडे घातलेत मी यात. आधी पक्कडीने तार वळून सांगाडा केला, एकेक पेर मोजून. त्यावर फॉइल ठोकून ठोकून बसवलं. मग माती. ती हाताने मळून मऊ करावी लागते, मूठमूठ. माझे अंगठे रात्री इतके ठणकायचे की कंगवा धरवत नव्हता.

मामी : डावा बरा दिसतोय गं.

भाची : तो खालच्या फळीवर होता म्हणून.

मामा : तेच सांगतोय मी कधीपासून. एक तर वाचला.

भाची : एका हाताचं काय करू? टाळी वाजवू?

मामा : दुसरा कर. येतो ना तुला? एवढं आकाश कोसळल्यासारखं काय करतेस?

भाची : परवा सकाळी दहाला दाखवायचेत. बाहुली थिएटरच्या बाई स्वतः बघणार आहेत. रंगमंचातून दोन मोठे हात वर आलेत आणि त्यांच्या मधे बाहुल्यांचा खेळ चालतो, असं नाटक आहे त्यांचं. हात पसंत पडले तर...

मामा : तर तिथल्या वर्कशॉपमध्ये कायमची नोकरी. राहायला खोली. आणि इथलं काम बंद. ठाऊक आहे मला.

भाची : तुला कोणी सांगितलं?

मामी : मी सांगितलं. गेल्या आठवड्यात. आज ना उद्या कळणारच होतं, तर म्हटलं माझ्याकडून कळू दे.

मामा : माझ्याच भट्टीत भाजायचं आणि मलाच सांगायचं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं. बरं का.

भाची : म्हणजे तुला ठाऊक होतं.

मामा : होतं.

भाची : मी जाणार आहे हे ठाऊक होतं, या हातांवर जाणार आहे हे ठाऊक होतं, आणि मग तू आकडा वाढवलास.

मामा : काय म्हणायचंय तुला?

भाची : मुद्दाम केलंस.

मामा : तोंड सांभाळून बोल. नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून या घरात वाढली आहेस तू.

भाची : म्हणूनच ओळखते तुला.

मामी : अरे थांबा रे दोघंही. जरा... थांबा... ठसका लागला मला.

भाची : मामी, तू बाहेर जा बघू आधी. ही माती जळली की धूर विषारी असतो. छातीत भरतो.

मामा : धूरच आहे. जाईल दोन मिनिटांत. काय होतंय त्याने?

भाची : काय म्हणालास?

मामा : कुठे काय? धूर म्हणालो.

भाची : आईला हेच म्हणायचास. पीठच आहे, काय होतंय त्याने?

मामा : ते आता काढू नकोस.

भाची : का नको? ती तुझी मोठी बहीण होती, मामा. डॉक्टरने तिला माझ्यासमोर सांगितलं होतं, पिठात उभं राहू नका, फुप्फुसं खराब होतायत. दवाखान्यातून घरी येईपर्यंत ती माझा हात धरून चालली, दर चार पावलांवर थांबत. आणि आल्या आल्या तुला म्हणाली, मला गल्ल्यावर बसव, पीठ दुसऱ्या कुणाला चाळू दे. तू काय म्हणालास? तुझ्याच तोंडाने सांग.

मामा : मला आठवत नाही.

भाची : मला आठवतं. पिठाने कुणी मरत नाही म्हणालास. बापाने जन्मभर पीठ चाळलं, तो मेला का? दोन हिवाळे चाळलं तिने. तिसरा आलाच नाही.

मामी : मीपण तिथेच होते, पोरी. मी काय केलं? मी चाळण धुऊन ठेवली. एक शब्द बोलले नाही. तुला रागवायचंच असेल तर अर्धा माझ्यासाठी ठेव.

भाची : तुझ्यावरही रागावले आहेच. तू काही सुटलेली नाहीस.

मामी : नको सोडूस.

मामा : मला वाटलं, ती दमलीय. कामाचा कंटाळा आलाय तिला. खरंच तसं वाटलं मला. ती कधी आजारी पडायचीच नाही.

भाची : पडली होती. तिने सांगितलं होतं. कुणी सांगितलं तरी तुझ्या कानात शिरत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. आई बोलली काय, डॉक्टर बोलला काय, मी कागद चिकटवला काय. मला खरं खरं सांग. कागद वाचलास तरी का?

मामा : वाचला.

भाची : मग?

मामा : वाचला आणि मग आत बघितलं.

भाची : मग काय? अर्ध्यावर थांबू नकोस.

मामा : ते ताईचे हात आहेत.

भाची : कोण म्हणालं?

मामा : कोण कशाला म्हणायला हवं? करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. मनगटाच्या आत ट्रेचा चटका बसलेला, त्याचा व्रणसुद्धा काढलास तू. त्याच हातांचा मार खाऊन मोठा झालोय मी. तू तीन आठवडे वर माळ्यावर ते करत होतीस, मला एकदाही वर बोलावलं नाहीस. आणि आज काचेतून पहिल्यांदा बघतो, तर ताईचे हात माझ्या भट्टीत.

भाची : म्हणून जाळलेस?

मामा : म्हणून दार उघडलं. एवढे मोठे केलेस तू ते. मी आपला पंजा तिच्या पंजात ठेवून बघितला. पूर्ण मावला. मी पाच वर्षांचा असताना मावायचा तसा. मग जरा दाबला. तर माझा अंगठा आत रुतला, तळव्यात हा एवढा खड्डा पडला. मी घाबरलो. म्हटलं, झालं, मी बिघडवलं, आता ही पोर माझं तोंड बघणार नाही. मग मनात आलं, कच्चं राहिलंय म्हणूनच रुतला. आच वाढवली की धरेल. कळायच्या आधी नीट होईल.

मामी : मला म्हणाला होतात, हाताला कढईचा चटका बसला. तो हा चटका होय?

मामा : तू जरा गप्प बस.

भाची : नाही, तिला बोलू दे. आणि मामा, मला फोन का नाही केलास? सुताराचं दुकान कोपऱ्यावर आहे. मी धावत आले असते. आकडा तसाच ठेव म्हटलं असतं, गार झाल्यावर तो खड्डा मी भरून काढला असता. पाव तास लागला असता, फार तर.

मामा : तुला विचारायचं?

भाची : हो, मलाच. काय कमीपणा येतो त्यात?

मामा : या भट्टीबद्दल मी कधी कुणाला विचारलेलं नाही.

भाची : माहीत आहे. दोन बायकांनी ते भोगलंय. एक मेली आणि एकीची परवाची मुलाखत गेली. तू मुद्दाम केलं असतंस ना, तर मला कमी राग आला असता. मुद्दाम केलं असतंस तर निदान मी काय सांगतेय ते तू ऐकलं होतंस, असं तरी म्हणता आलं असतं.

(मामा भट्टीचं बटण बंद करून स्टुलावर बसतात.)

मामी : भांडण राहू दे जरा बाजूला, पळून नाही जात ते. मला सांग, हे दुरुस्त होतं का?

भाची : मनगटापर्यंतची जळकी माती सगळी कोरून काढावी लागेल. तार शाबूत आहे, तिला काही होत नाही. फॉइल नव्याने बसवायचं. वर नवी माती. जुन्या भाजलेल्या मातीवर नवी धरते, पुन्हा भाजता येते.

मामी : मग होतंय की.

भाची : आता बसले तर उद्या दुपारपर्यंत होईल. पण भाजू कुठे? माझ्या खोलीतल्या त्या डब्याएवढ्या ओव्हनमध्ये बोटंसुद्धा मावत नाहीत.

मामा : इथे भाज.

भाची : नको.

मामी : हट्ट करू नकोस. आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन कशाला?

भाची : उद्या शाळेची बिस्किटं आहेत ना तुमची?

मामा : शाळेला उद्या बिस्किटं मिळणार नाहीत म्हणून सांगतो. सकाळी आतून घासून काढतो भट्टी, हा वास जाईपर्यंत. दुपारपासून तुझी.

भाची : मी इथून हलणार नाही मग. सुतार नाही, काही नाही. स्टूल घेऊन भट्टीसमोर बसून राहीन.

मामा : बस.

भाची : आणि नोकरी मिळाली तर जाणार आहे मी. तू भट्टी दिलीस म्हणून राहणार नाही.

मामा : जा ना. कोण अडवतंय?

भाची : माझा राग गेलेला नाही. कधी जाईल, तेही ठाऊक नाही.

मामा : नसू दे. फक्त एक कर. किती वर ठेवायची आणि किती वेळ, ते मला सांग.

भाची : कागदावर लिहिलंय. अजून दारावरच आहे तो.

मामा : कागद मी वाचला होता. तू तोंडाने सांग. मी ऐकतो.