आत्यांनी चित्र तपासलं

मला लाजाळू म्हणता ना, मग टाकव्याच्या लग्नातलं ऐका. नवरीच्या आत्या पाय मोडल्यामुळे लग्नाच्या लेकीसोबत कुरवंड्यात घरीच होत्या. मी लग्नं मोबाइलवर लाइव्ह दाखवतो; ते बंद पडलं असतं तर त्यांचं भाचीचं लग्न बघायचं राहिलं असतं. म्हणून आधी मीच कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो आणि त्यांना फोन लावला.

“आत्या, दिसतंय का?”

“व्हय. जरा वळ बघू.”

वळलो.

“आता चालून दाखव.”

चाललो.

“शिकलास किती?”

“नववी. पण आत्या, चित्र अडकत नाही ना?”

“न्हाई रं, लय ब्येस दिसतंय.”

तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला, “आई, त्यांना म्हण, कॅमेरा जरा जवळ घ्या.”

आता प्रत्येक लाइव्हआधी आमच्या घरातून मोबाइलवर चित्र ती लेकच तपासते, आणि मी समोर चालून दाखवतो.