गयाबाईंची कोपी

सांगतो, पण आमच्या साहेबांच्या कानावर जाऊ देऊ नका. नगरला मी ज्या संग्रहालयात आहे, त्या जुन्या इमारतीच्या अंगणात तीन महिन्यांसाठी प्रदर्शनाचा मांडव घालायचा होता. साहेबांची अट एकच, इथल्या दगडाला खिळा लागता कामा नये. दोन मांडववाले ती ऐकूनच परत गेले. शेवटी मी पाथर्डीच्या गयाबाईंना बोलावलं. त्या दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि राहायची कोपी स्वतःच बांधतात.

बांबू, चटया, सुतळी आणि बुडाला मातीची पोती. दोन दिवसांत ऐसपैस कोपी उभी! साहेब मात्र रोज वाकून फरशी तपासायचे.

"बाई, ओरखडा उठला तर माझी नोकरी जाईल."

"सायेब, आमी दुसऱ्याच्या रानात ऱ्हातो. उठताना चुलीची राखसुदिक भरून नेतो."

तीन महिन्यांनी त्यांनी गाठी सोडल्या, बांबू टेम्पोत घातले आणि अंगण झाडून दिलं. फरशीवर खरंच एक डाग नव्हता. साहेब खूश. तेवढ्यात गयाबाई दाराजवळच्या भिंतीपाशी थांबल्या.

"सायेब, ह्ये चार खिळं आमचं न्हाईत बरं का. तुमच्या पाटीचं हायेत. काय लिवलंय तिच्यावर?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे.

पाटीवर लिहिलं होतं, 'या भिंतीत खिळा ठोकण्यास सक्त मनाई आहे.'