बावीस नव्हे, एकवीस

सन्माननीय अध्यक्ष विजयसिंहराव इंगवले, प्राचार्य गणपतराव चौगुले, मंचावरील मान्यवर, माझे सहकारी, आणि आज तरी हजेरीच्या धाकाविना आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, सर्वांना रुबीना मुजावरचा नमस्कार.

एकतीस वर्षं मी या कॉलेजात गणित शिकवलं. आत्ता प्राचार्यांनी फार प्रेमानं मानपत्र वाचलं. शाल घेतली, नारळ घेतला. मानपत्र मात्र अजून टेबलावरच ठेवलंय. का, ते सांगते.

माझं संशोधन क्वांटम बीजगणितातलं. मंगळवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या धोंडुबाई विचारायच्या, "त्येनं मोबाईल दुरुस्त हुतो का वो?" होत नाही. या बीजगणितात क्रमाला किंमत असते. दूध तापवून, कोमट करून विरजण लावलं तर दही होतं. विरजण लावून मग तापवलं तर नासतं. कामं तीच, फळ वेगळं. उद्याच्या क्वांटम संगणकासाठी माहिती वेणीसारखी गुंफता येईल का, की बाहेरून धक्का लागला तरी पेड सुटू नये? या प्रश्नात माझं आयुष्य गेलं.

नऊ वर्षांपूर्वी त्यावरचा माझा एक निबंध परदेशी नियतकालिकात आला. पेपरात फोटो, ऑफिसात फ्रेम, विचारू नका. दोन महिन्यांनी माझी विद्यार्थिनी, राधानगरीची तेजस्वी, तीन रंगांची लोकर घेऊन आली. टेबलाच्या पायाला बांधून तिनं अकराव्या पानावरची माझी वेणी घालून दाखवली. म्हणाली, "म्यॅडम, रागवू नगा, पर हितं पेड सुटतोय."

बरोबर होतं तिचं. ज्या क्रमासाठी मी जन्मभर पोरांचे मार्क कापले, तोच मी उलटा धरला होता. आणि मी रागावलेच. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. त्याची आज सर्वांसमोर माफी मागते.

मग निबंध मागे घ्यायचं ठरवलं. त्याच महिन्यात कॉलेजच्या तपासणीला समिती यायची होती. तेव्हाच्या एका जबाबदार गृहस्थांनी मला समजावलं, "कुणाला कळतंय त्यातलं? झाकली मूठ राहू द्या." मी म्हटलं, "तेजस्वीला कळतंय की." त्याच दिवशी पत्र धाडलं. त्या निबंधावर मिळायची बढती गेली ती गेलीच. दुःख झालं का? खूप झालं. पश्चात्ताप एक दिवसही झाला नाही. पुढे चार वर्षं खपून आम्ही दोघींनी ती वेणी नीट घातली. निष्कर्ष आधीपेक्षा लहान निघाला, पण टिकलाय. त्या निबंधावर पहिलं नाव तेजस्वीचं आहे.

आणि आज मानपत्रात काय? "बावीस शोधनिबंध." बावीस कुठले? मागे घेतलेला तुम्ही परत आणून बसवलात. मघाशी चहाच्या वेळी मानपत्र दाखवलंत, तेव्हाच मी हे बोलले, तर एकानं कानात सांगितलं, "आजच्या दिवशी कशाला, मॅडम?" म्हणजे तेव्हा तपासणी आडवी आली, आज सत्कार. मग खऱ्याचा दिवस कधी उगवायचा?

तेजस्वी, तिसऱ्या रांगेत आहेस ना? वर ये. बावीस खोड, एकवीस लिही, आणि शेजारी तुझी सही कर. अध्यक्षसाहेब, तिला तेवढी टेबलावर जागा करून द्या.

झालं? आता द्या इकडं. आता दोन्ही हातांनी घेते.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. चुकीचा आकडा मात्र घालू नका.