अण्णांची चाल

सृष्टी : मॅडम, मैत्रिणींनी पैज लावलीय म्हणून विचारते. दारू न पिता माणूस झुलतो का?

मुग्धा मॅडम : हरलीस तर काय करायचं?

सृष्टी : महिनाभर सगळ्यांच्या सायकली पुसायच्या. त्या बघा, खिडकीबाहेर हसून राहिल्यात. नांदेडच्या मॅडमला तूच विचार म्हणून, तुमचं भाषण संपल्यापासून मला ढकलून राहिल्यात.

मुग्धा मॅडम : भाषण समजलं का?

सृष्टी : मेंदूचं लई आवडलं. जनुकं आली तवा मागच्या बाकावर दोघी झोपल्या. मी नाही.

मुग्धा मॅडम : मग ऐक. झुलतो. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तोल तो सांभाळतो. तो झिजत गेला की पाय वाकडे पडतात, जीभ जड होते. काही घराण्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालतं. नांदेड-लातूरकडची अशी घरं शोधायची आणि कुठल्या जनुकात बिघाड आहे ते रक्तातून तपासायचं, हेच माझं संशोधन. त्यातल्या कित्येकांना गावानं दारुडा ठरवलेलं असतं. पण हा प्रश्न त्यांचा की तुझा?

सृष्टी : त्यांचाच. म्हणजे, माझ्या वडलांवरून, अण्णांवरून. परवा अण्णा भर बाजारात भेंडीच्या ढिगावर पडले. तवापासून ह्या म्हणतात, सृष्टीचे अण्णा सकाळीच टाइट.

मुग्धा मॅडम : ते पितात?

सृष्टी : आईनं त्यांना खंडोबापुढं बेलभंडारा उचलायला लावला. पीत नाही अशी शपथ घेऊन उचलला त्यांनी. तरी आई रोज तोंडाचा वास घेते. वास येत नाही, तर म्हणते बिनवासाची पीत असतील.

मुग्धा मॅडम : घरात आणखी कुणी असं चालायचं?

सृष्टी : आजोबा. त्यांना तर पितात म्हणून शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोपटातच ठेवलं होतं. तिथंच गेले. मॅडम, ते पण पीत नव्हते का?

मुग्धा मॅडम : ते आता कुणालाच सांगता येणार नाही. अण्णांचंही तपासल्याशिवाय सांगणार नाही, कारणं दुसरीही असतात. मंगळवारी त्यांना नांदेडला माझ्याकडे आण.

सृष्टी : आणि तुम्ही सांगितलेलंच निघालं तर? औषध?

मुग्धा मॅडम : बरं करणारं अजून नाही. व्यायामानं चालणं मात्र बरंच टिकवता येतं.

सृष्टी : मग मलाही होईल?

मुग्धा मॅडम : तसं निघालं तर बऱ्याचदा निम्मी शक्यता असते. छापा-काट्यासारखी.

सृष्टी : माझं रक्त आत्ताच घ्या की.

मुग्धा मॅडम : नाही. अठरा पूर्ण झाल्यावर, तुला वाटलं तर. नाही वाटलं तरी चालतं.

(संध्याकाळी, जळकोटला सृष्टीच्या घरी.)

आई : मेंदूची बिमारी? चार घटका शाळेत येऊन त्या बाईला कळलं, आन मला इतक्या वर्सात कळलं न्हाई?

अण्णा : पंचफुला, पोरीचं ऐकून तर घे.

आई : ऐकूनच राहिले. पीत नव्हता, तर तवाच जोरात सांगायचं न्हाई का?

अण्णा : सांगू गेलो की जीभ अडकायची. तू म्हनायची, बघा, चढलीय.

आई : आन बेलभंडारा?

अण्णा : खरा उचलला व्हता. माझे वडील, आबा, बी असाच उचलायचे.

सृष्टी : आई, रडू नको. अजून काही ठरलेलं नाही. मंगळवारी नांदेडला जाऊन तपासायचंय.

आई : मी कुठं रडून राहिले. जावा. पर मागल्या गल्लीनं ष्टँडवर जावा. बाजारात पुन्हा तोल गेला तर लोकं हसत्याल. आन ही रक्तातली बिमारी म्हनून बोभाटा झाला तर उद्या हिला सून कोन करून घेईल?

अण्णा : तुझी आई बरोबर बोलून राहिली, सृष्टी. मागल्या गल्लीनंच जातो मी. एकटाच.

सृष्टी : न्हाई अण्णा. मी ठरवलंय. मंगळवारी शाळा बुडवून मी तुमच्यासंगं येणार.

आई : आन मैत्रिणींला काय सांगशील?

सृष्टी : जे हाय ते. अण्णा, आपण बाजारातूनच जाऊ, सावकाश. हात मी धरते.